सनद मिळाली, आता वकिली उभी कशी करायची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात आपण लिहिलं होतं की वकिलीबद्दल काय विचारायचं असेल ते मोकळेपणानं पाठवा, आणि पत्रं आली ती बहुतेक तालुका आणि जिल्हा कोर्टात उभं राहणाऱ्या मुलामुलींची आली, याचा मला फार आनंद झाला. मी स्वतः साताऱ्याकडे जिल्हा कोर्टात दिवाणी आणि कौटुंबिक काम करते, त्यामुळे उत्तरंही तिथूनच येणार. कंपन्यांची कामं करणाऱ्या मुंबईच्या मोठ्या फर्ममधलं जग वेगळं, त्यावर मी बोलत नाही. ज्यांनी नाव देऊ नका म्हटलं त्यांची नावं दिलेली नाहीत, म्हणून मग कुणाचीच दिली नाहीत.

प्रश्न: मॅडम, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात ज्युनिअर आहे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेऊन तिसरं वर्ष चालू आहे. सीनिअर सर स्वभावानं चांगले आहेत पण पैसे देत नाहीत, कधी दिवाळीला पाकीट देतात तेवढंच. काम म्हणजे रोज सकाळी बोर्ड (त्या दिवसाच्या केसेसची यादी) बघायचा, पुकारा झाला की उभं राहून तारीख मागायची, नकलेचे अर्ज करायचे. घरचे म्हणतात बँकेची परीक्षा दे. मला वकिलीच करायची आहे पण मी यात काही शिकतोय का तेच कळेना. काय करू?

तुझ्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत, एक पैशाचा आणि एक शिकण्याचा, आणि ते एकात एक मिसळले की माणूस चुकीचा निर्णय घेतो. आधी पैशाचं सांगते. ज्युनिअरला फुकट राबवणं ही आपल्या व्यवसायातली जुनी रीत आहे आणि ती वाईट रीत आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यामुळे ज्याच्या घरी शेती किंवा बापाची पेन्शन आहे तोच टिकतो आणि हुशार पण गरीब घरची पोरं दोन वर्षांत निघून जातात. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की शहरी भागात ज्युनिअरला महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. ही शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी सगळ्या सीनिअरना एवढं परवडतं असंही नाही. पण त्या परिपत्रकामुळे बोलायला तोंड मिळालंय. सरांकडे जा, बार रूममध्ये चारचौघांत नको, संध्याकाळी ऑफिसात बस आणि शांतपणे सांग की सर मला इथंच राहायचंय, घरचं भाडं आणि पेट्रोल निघेल एवढं काही ठरवून द्या, आणि माझ्या ओळखीनं जे छोटं काम येईल ते मला माझ्या वकीलपत्रावर चालवू द्या. चांगल्या स्वभावाचा माणूस यातलं एक तरी मान्य करेल, निदान दुसरं तरी.

बाकी पैसा उभा करायचा तर आजूबाजूला बघ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या होत्या तरी कामं दारात चालून आली नव्हती, ते १९२५ ते १९२८ बाटलीबॉयांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. शिकवणं वकिलाला आजही चालतं, १९७९ च्या नियमांप्रमाणे दिवसाला तीन तासांपर्यंत लॉ कॉलेजात शिकवता येतं. पूर्ण वेळ पगारी नोकरी मात्र सनद चालू ठेवून करता येत नाही, हे लक्षात ठेव, कारण पुष्कळ पोरं घरच्या दडपणाखाली कुठंतरी गुपचूप नोकरी धरतात आणि मग कुणीतरी तक्रार करतं.

तालुक्याला स्वतःची पहिली कामं कुठली मिळतात तेही सांगते कारण हे कॉलेजात कुणी सांगत नाही. वारस दाखला हे एक. आपल्याकडे अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठ खाली वारस दाखल्याचे अर्ज चालतात, घरातला माणूस गेला की बँक, सोसायटी, पेन्शन ऑफिस सगळे तो दाखला मागतात, काम छोटं पण कागद नीट लावले तर ते कुटुंब पुढची पंधरा वर्षं तुझ्याकडेच येतं. चेक बाउन्स हे दुसरं, आणि त्यात तर सगळा खेळ तारखांचा. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, ते गेले की त्यापुढं एक महिन्याच्या आत फिर्याद. हे तीन टप्पे डायरीत लाल शाईनं लिहिणारा ज्युनिअर गावातल्या दोन-तीन व्यापाऱ्यांना कळला की त्याला दर महिन्याला काम असतं. तिसरं, गरजूंना फुकट वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव लाव. मानधन कमी आहे, माहीत आहे, पण तिथं तुला अख्खी केस तुझी म्हणून चालवायला मिळते, साक्षीदार तूच तपासतोस. फौजदारीची आवड असेल तर विधी सहाय्य बचाव पक्ष वकील अशी योजना जिल्ह्याजिल्ह्यात आलीय, त्यात असिस्टंटच्या जागेवर नवखे वकील घेतात, महिन्याला ठरलेले पैसे मिळतात, फक्त तेवढा काळ खासगी केस घेता येत नाही.

आता शिकण्याचं. रोज तारीख मागणं म्हणजे काहीच न शिकणं असं तुला वाटतंय, पण मला तरुण वकिलांमध्ये सगळ्यात मोठा फरक याच जागी दिसलाय, एक जण उभा राहतो आणि म्हणतो "साहेब, सर दुसऱ्या कोर्टात आहेत, तारीख द्यावी", आणि दुसरा उभा राहतो आणि त्याला माहीत असतं की दावा कधीचा आहे, निशाणी पाचवर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, हुकूम झालाय का, समोरच्याची कैफियत, म्हणजे लेखी जबाब, आली का, मागच्या तीन तारखा कुणी घेतल्या. न्यायाधीशानं एक प्रश्न विचारला आणि तू फाईल न उघडता उत्तर दिलंस की त्या दिवसापासून ते कोर्ट तुला चेहऱ्यानं ओळखायला लागतं. त्यासाठी रात्री उद्याच्या बोर्डावरच्या फाईली घरी नेऊन वाच, निदान रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, वाच. वकिली जिल्हा-तालुक्याला उभी राहते ती याच्यावर, की तेच न्यायाधीश, तेच विरोधी वकील, तोच शिरस्तेदार तुला रोज बघतायत आणि हा पोरगा वाचून येतो हे त्यांना कळतंय. आशील सुद्धा बहुतेक वेळा त्यांच्याच तोंडून तुझं नाव ऐकून येतो.

दुसरं, सरांच्या माळ्यावर निकाल लागलेल्या जुन्या फाईली असतील. त्यातली एक वाटपाच्या दाव्याची आणि एक हद्दीच्या भांडणाची काढ आणि दावा अर्जापासून निकालापर्यंत सलग वाच, अपिलात गेलेली असेल तर अजून चांगलं. दाव्यात काय लिहिलं, जबाबात कुठला मुद्दा नाकारायचा राहून गेला, उलटतपासणीत तो राहिलेला मुद्दा समोरच्यानं कसा उचलला, आणि शेवटी न्यायाधीशानं कशावर निकाल दिला, हे सगळं एका धाग्यात दिसतं. एक अख्खी फाईल अशी वाचलीस तर वर्षभर नुसतं मागं उभं राहून मिळणार नाही एवढं मिळेल. २००२ पासून सरतपासणी, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची पहिली साक्ष, शपथपत्रावर होते त्यामुळे ते शपथपत्र लिहिणं हे ज्युनिअरचं काम झालंय आणि बरेच जण दावा अर्जच वरखाली करून चिकटवतात, टायपिस्टच्या कम्प्युटरमध्ये नमुना असतो तो भरतात. तू तसं करू नकोस. साक्षीदाराला समोर बसव, त्याला काय आठवतं आणि काय नाही ते विचार, आणि त्याच्याच शब्दांत लिही, कारण उद्या उलटतपासणीत त्यालाच उत्तरं द्यायची आहेत.

आणि जागेवर जा. बांधाचं भांडण असेल तर बांधावर जाऊन उभा राहा. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा हे सगळं हातात असतं पण विहीर कुठं, चारीचं पाणी कुठून येतं, जुनी गाडीवाट कुठून होती हे जागेवर गेल्याशिवाय कळत नाही. कोर्ट कमिशनर नेमून भूमी अभिलेखकडून मोजणी मागायची का, आणि मागायची तर कुठल्या गटाची, हे तिथंच ठरतं.

सर सोडायचे का? सहा महिने वर सांगितलं तसं करून बघ, आणि या सहा महिन्यांत सरांनी तुला एक तरी साक्षीदार तपासायला दिला का, तुझा एक तरी मसुदा लाल पेनानं दुरुस्त करून परत दिला का, हे बघ. दोन्ही नाही झालं आणि पैसेही नाहीत, तर मग दुसरं ऑफिस शोध. भांडून निघू नको, पेढे देऊन पाया पडून नीघ, त्याच कोर्टात आयुष्य काढायचंय. बँकेच्या परीक्षेचं घरच्यांना काय सांगायचं ते तू ठरव, पण एक माहिती त्यांना दे, २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणलीय, म्हणजे जो काळ ते वाया गेला म्हणतायत तो त्या वाटेवर मोजला जातो. ती परीक्षा तुला द्यायची असो नसो, घरात बोलताना उपयोगाला येईल.

प्रश्न: मी सांगली जिल्हा कोर्टात आठ वर्षं प्रॅक्टिस करतोय, बरं चाललंय. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून बरेच मित्र तिकडं चाललेत. मी पण जावं का? की इथंच थांबू?

१८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरचं कामकाज सुरू झालं तेव्हा सहा जिल्ह्यांतल्या वकिलांना, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, जे वाटलं ते तुम्ही पण अनुभवलं असेल. चार दशकांची मागणी होती. आमच्याकडचा शेतकरी दुसऱ्या अपिलासाठी मुंबईला जायचा, एका तारखेत त्याचा रेल्वेचा, राहण्याचा खर्च आणि दोन दिवसांची मजुरी जायची, आणि मुंबईतल्या वकिलाला तो पाच मिनिटं भेटायचा. आता तो सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी येतो. म्हणून हा बदल आपल्या पिढीतला सगळ्यात मोठा आहे असं मी मानते.

पण जायचं का हा प्रश्न मी असा विचारेन, तुम्हाला काम कुठलं आवडतं? ज्याला साक्षीदार उलटतपासायला आवडतं, ज्याला माणसाच्या चेहऱ्याकडे बघत पुढचा प्रश्न सुचतो, त्यानं जिल्हा कोर्ट सोडू नये, हायकोर्टात साक्षीदार जवळजवळ नसतोच. तिथं रेकॉर्ड ठरलेलं असतं आणि त्या रेकॉर्डवर कायद्याचा मुद्दा काढायचा असतो. दुसरं अपील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच दाखल करून घेतात, खालच्या दोन कोर्टांनी पुरावा चुकीचा वाचला एवढं ओरडून भागत नाही. ज्याला दहा निकाल वाचून त्यातला बारीक फरक पकडण्यात आनंद मिळतो त्यानं जरूर जावं.

भाषेचा मुद्दा लोक बोलत नाहीत. आपण जिल्ह्याला मराठीत दावा लिहितो, मराठीत पुरावा घेतो, आणि हायकोर्टात सगळं इंग्रजीत. तुमची इंग्रजी लिहायची सवय गेली असेल तर घाबरू नका, पण आधी सहा महिने रोज एक तास निकाल वाचून त्यातल्या फॅक्ट्स स्वतःच्या इंग्रजीत लिहून काढा. उलट याच्यातच तुमची ताकद पण आहे, फेरफाराची नोंद, जुनं खरेदीखत, तलाठ्याचा पंचनामा हे अस्सल ग्रामीण मराठी कागद नीट इंग्रजीत आणणारा माणूस हायकोर्टात फार हवा असतो, आणि मोडी वाचता येत असेल तर सोन्याहून पिवळं, जुन्या वाटपाच्या आणि इनामाच्या कागदांना मोडी लागतेच.

मधला रस्ता पण आहे आणि मला तोच जास्त पटतो. सांगलीचं ऑफिस ठेवा, आठवड्यातले दोन दिवस कोल्हापूर, आणि सुरुवातीला फक्त स्वतःच्या खालच्या कोर्टातल्या केसेसची अपिलं आणि जामीन तिथं चालवा. ज्या केसमध्ये तुम्ही स्वतः पुरावा घेतलाय तिचं रेकॉर्ड तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. फौजदारीत जात असाल तर कलमांचे जुने-नवे आकडे पक्के करा, १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हायकोर्टाचे अंगभूत अधिकार कलम ४८२ वरून ५२८ ला गेलेत आणि ४८२ म्हणजे आता अटकपूर्व जामीन, आणि जुन्या सवयीनं "फोर एटी टू" म्हणणारे अजूनही रोज ऐकू येतात.

प्रश्न: फी मागायला मला फार अवघड जातं. गावचेच लोक, नात्यातले, "बघू की ताई" म्हणतात आणि मग देतच नाहीत. अपघाताच्या क्लेममध्ये टक्क्यांवर घे म्हणतात इथले सीनिअर. काय पद्धत ठेवावी?

टक्क्यांवर घेऊ नकोस. बार कौन्सिलच्या नियमातच लिहिलंय की निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. आजूबाजूला चालतं म्हणून ते योग्य होत नाही. नियमाच्या पलीकडचं पण एक आहे, ज्या बाईचा नवरा अपघातात गेला तिच्या भरपाईत तुझा हिस्सा अडकला की तिला तडजोड करावी की लढावं हा सल्ला तू तिला मोकळ्या मनानं देऊ शकत नाहीस, तुझं स्वतःचं गणित मध्ये येतं.

माझी पद्धत साधी आहे. पहिल्या भेटीत फक्त ऐकायचं आणि कागद ठेवून घ्यायचे, त्या भेटीची सल्ल्याची फी थोडी पण घ्यायचीच, नात्यातला असला तरी, कारण फुकटचा सल्ला माणूस पाळत नाही. दुसऱ्या भेटीत त्याला खरं सांगायचं, केस किती वर्षं चालेल, कुठं कच्ची आहे, हरायची शक्यता किती, आणि एका कागदावर टप्प्याटप्प्यानं फी लिहून द्यायची: दावा दाखल करताना एवढी, मनाई अर्जाच्या युक्तिवादाला एवढी, पुरावा सुरू होताना एवढी, शेवटच्या युक्तिवादाला एवढी. स्टॅम्प, नक्कल, टायपिंग, बेलिफाचा खर्च वेगळा आणि त्याची पावती. एकरकमी मोठा आकडा ऐकून माणूस पळतो, आणि टप्प्यांनी दिली की त्यालाही कळतं पैसे कशाचे. फी नाही दिली तर पुढं काय, हेही त्याच कागदात असू दे.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव, फी राहिली म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही. सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलंय की आशिलाच्या कागदांवर वकिलाचा असा ताबा चालत नाही. तो फाईल मागायला आला की हिशोब लिहून दे, कागद दे, पोच घे, दुसऱ्या वकिलासाठी ना हरकत दे. वाईट वाटतं, मला पण वाटतं दर वेळी. पण तालुक्यात "फाईल अडवून धरली" ही गोष्ट बाजारादिवशी सगळ्या गावांत पोचते. आणि जो खरंच गरीब आहे त्याला विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखव, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तर तिथं उत्पन्नाची अटच नाही, वकील फुकट मिळतो.

प्रश्न: मी ३९ वर्षांची आहे. लग्नाआधी नाशिकला तीन वर्षं प्रॅक्टिस केली, मग दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, यात बारा वर्षं गेली. आता परत सुरू करायचं म्हणते पण बरोबरच्या मैत्रिणी कुठल्या कुठं गेल्या. हसतील का लोक?

हसणारे असतील, दोन आठवडे हसतील. तुमच्याच नाशिकमध्ये १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून १८९२ मध्ये परीक्षा देऊन आल्या आणि स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा व्हायला १९२३ उजाडलं, म्हणजे मधली तीस वर्षं शिक्षण असूनही त्यांना वकील म्हणून रीतसर दार बंद होतं. त्या काळात त्या बसून राहिल्या नाहीत, पडद्यातल्या स्त्रियांच्या मालमत्तेची कामं त्यांनी केली. तुमच्यासमोरचं दार उघडं आहे, बिजागरी थोडी गंजली असेल.

आधी सनदेचं बघा. प्रॅक्टिस थांबवताना ती सस्पेंड केली होती का नुसतीच ठेवली होती, वेल्फेअर फंडाचे पैसे थकलेत का, बार असोसिएशनचं सभासदत्व चालू आहे का, हे मुंबईला बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे विचारून घ्या. मग कायदा. तुम्ही थांबलात त्यानंतर फौजदारीचे तिन्ही मूळ कायदे बदललेत, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा नवा आहे, घरबांधणी प्रकल्पांसाठी रेरा कायदा आला, ई-फायलिंग आलं, आणि मुलींच्या वाटपाचा वाद ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं मिटवला की ९ सप्टेंबर २००५ ला वडील जिवंत असोत नसोत, मुलीला जन्मानंच हक्क आहे. घाबरून जाऊ नका, हे सगळं एकदम लागत नाही. एक शाखा धरा.

कुठली धरू असं विचाराल तर मी कौटुंबिक न्यायालय आणि मध्यस्थी सांगेन, आणि बाई आहात म्हणून अजिबात नाही. घर चालवणं, आजारपण काढणं, सासर-माहेरच्या मधलं बोलणं सांभाळणं यात जी बारा वर्षं गेली म्हणता, ती या कामात रोज उपयोगी पडतात, पोटगीच्या अर्जात महिन्याचा किराणा, शाळेची फी, औषधं याचा आकडा खरा वाटेल असा कोण मांडेल? जिनं तो खर्च केलाय ती. मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण असतं, त्याची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करा. २०२३ चा मध्यस्थी कायदा आल्यावर हे काम पुढं वाढणार आहे. एखाद्या बऱ्या वकील बाईंकडे वर्षभर ज्युनिअर म्हणून बसा, वयानं लहान असली तरी चालेल, काम तिला येतं आणि तुम्हाला शिकायचंय एवढंच.

कोर्टात बायकांसाठी बसायची जागा आणि स्वच्छतागृह नसणं हे बऱ्याच जणींच्या प्रॅक्टिस सोडण्यामागचं न बोललेलं कारण आहे. १५ जानेवारी २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं देशातल्या सगळ्या कोर्टांच्या आवारात स्त्रिया, पुरुष, दिव्यांग, तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं हवीतच असं सांगितलंय. तुमच्या कोर्टात नसेल तर चारजणी मिळून त्या निकालाची प्रत जोडून जिल्हा न्यायाधीशांना अर्ज द्या.

प्रश्न: इन्स्टावर रील करून क्लायंट मिळतात का? आणि ड्राफ्टिंगला एआय वापरावं का?

रीलमध्ये स्वतःची जाहिरात असेल तर बार कौन्सिलचा नियम ३६ आडवा येतो, वकिलाला काम मागायला जाहिरात करता येत नाही. वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, सनद नंबर, शिक्षण, कुठल्या शाखेत काम करता एवढं टाकायला २००८ पासून परवानगी आहे, तेवढंच ठेवा. लोकांना कायदा समजावून सांगायची खरी हौस असेल तर गावात कायदे साक्षरता शिबिरं घ्या, प्राधिकरण घेऊ देतं.

एआयचं, मसुद्याची भाषा सुधारायला, लांबलचक निकालाचा गोषवारा काढायला वापरा, पण त्यानं दिलेला एकही निकाल मूळ ठिकाणी उघडून वाचल्याशिवाय कोर्टात सांगू नका. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला कारण चॅटजीपीटीनं बनवलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल त्यांनी कोर्टात दिले होते. आणि आशिलाचे खासगी कागद, घटस्फोटाच्या केसमधले मेसेज, मेडिकल रिपोर्ट एआयमध्ये टाकू नका, त्यानं ते तुमच्यावर विश्वास टाकून दिलेत.

प्रश्न: मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो, वय ५८. नोकरीत असताना एलएलबी केलं होतं. या वयात सनद मिळेल का, आणि काम मिळेल का?

सनद मिळेल. ४५ वर्षांपुढच्या माणसाला सनद द्यायची नाही असा नियम होता तो सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच रद्द केलाय. एनरोलमेंटच्या नावाखाली हजारो रुपये मागायचे तेही जुलै २०२४ च्या निकालानं थांबवलंय, खुल्या गटाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीला १२५ रुपये एवढीच फी कायद्यात आहे. तुमचं एलएलबी २००९-१० किंवा त्यानंतरचं असेल तर अखिल भारतीय बार परीक्षा मात्र द्यावी लागेल, सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत. निवृत्त अधिकाऱ्यांनी कुठल्या अधिकाऱ्यापुढं उभं राहायचं नाही याबद्दल पण बार कौन्सिलचे नियम आहेत, तुमच्या पदाला ते कसे लागतात हे अर्ज करतानाच लेखी विचारून घ्या.

काम मिळेल का? साहेब, तुमच्यासारख्या माणसाची महसुली कोर्टात खरंच गरज आहे. फेरफार नोंद कशी धरतात, नोटीस खरंच बजावली की नुसती सही घेतली, हरकत आल्यावर तक्रार नोंदवहीत काय लिहितात, हे आम्ही वकील पुस्तकातून शिकलो आणि तुम्ही हातानं केलंय. जमीन महसूल संहितेच्या १५५ खालची लेखनप्रमादाची, म्हणजे लिहिण्यातल्या चुकीची, दुरुस्ती, २४७ खालची अपिलं, शेतरस्त्यासाठी कलम १४३ आणि मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम ५, ही कामं प्रत्येक तालुक्यात ढिगानं आहेत आणि चांगले वकील दिवाणीकडे पळतात म्हणून ती नीट चालत नाहीत. रस्त्याच्या केसेसमध्ये तर आधीपासूनचा रस्ता अडवलाय की नवा हवाय यातला फरक न कळता अर्ज होतात आणि चुकीच्या कलमाखाली केला म्हणून दोन वर्षांनी फेटाळले जातात, तोपर्यंत उसाची गाडी बांधावरच अडलेली.

दोन गोष्टी सांभाळा. महसूल खात्यातली सवय अशी की फेरफार मंजूर झाला म्हणजे विषय संपला, पण दिवाणी कोर्टात फेरफारानं मालकी ठरत नाही, ती सारावसुलीसाठीची नोंद, त्यामुळे पहिलं वर्षभर एखाद्या दिवाणी वकिलाबरोबर बसा आणि मालकीचे दावे कसे चालतात ते बघा. आणि मुदत, कलेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याच्या हुकमावर अपिलाला ६० दिवस आहेत, माणूस तुमच्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा ते होऊन गेलेले असतात, म्हणून हुकूम त्याला कधी कळला, नक्कल कधी मागितली, कधी मिळाली हे पहिल्याच भेटीत कागदावर लिहून घ्या आणि विलंब माफीचा अर्ज अपिलाबरोबरच लावा. जुन्या ओळखीनं एखाद्या ऑफिसातलं काम करून द्या म्हणून लोक येतील, त्यांना पहिल्याच महिन्यात नाही म्हणा. तुमच्या जुन्या सहकाऱ्यांपुढं उभं राहताना कागदावर बोला, त्यांनाही ते बरं वाटेल.